माणशी टोल

तिसरी नोटीस आली तेव्हा गार्गी मुक्ताला नाचणीसत्त्व भरवत होती. भरवताना फोनकडे बघायचं नाही हा तिचा नियम. पण टेबलावरचा फोन असा थरथरला की वाटीतला चमचा खणखणला. मजकूर तोच होता, एव्हाना पाठ झालेला. घोषित प्रवासी तीन. आढळलेले प्रवासी चार. स्थळ, ग्राउहॉर्न बोगदा. दंड एकशे ऐंशी युरो, चोवीस तासांत भरल्यास नव्वद.

"मल्हार, अजून एक आली."

मल्हार खिडकीशी उभा राहून समोरच्या डोंगराचे फोटो काढत होता. "चौथा परत बसला का गाडीत?" तो हसला. "बघू, भरून टाकतो."

"भरून काय टाकतोस? आपण तीन माणसं आहोत. त्यातलं एक दहा महिन्यांचं."

"ते मला माहितीये, त्यांना कुठं माहितीये? अगं, सांगलीत सिग्नलला ट्रॅफिकच्या मामानं अडवलं तर आपण काय त्याच्याशी कायदा बोलत बसतो? मिटवायचं आणि निघायचं. सुट्टीला आलोय आपण."

मुक्तानं तिसऱ्याच चमच्याला तोंड फिरवलं होतं. कपाळावर घामाचे बारीक थेंब, आणि बाहेर तर शेताच्या कडेला अजून बर्फ होता.

या खोऱ्यात टोल गाडीवर नव्हता, माणशी होता. दहा-बारा वर्षांपूर्वी आल्प्समधल्या या गावांत गावकऱ्यांपेक्षा प्रवासीच जास्त दिसायला लागले. पाणी पुरेना, कचरा उचलवेना. तेव्हा इथल्या पर्वतमार्ग मंडळानं ठरवलं की गाड्या मोजून उपयोग नाही, माणसं मोजायची. खोऱ्यात शिरण्यापूर्वी फोनवर सांगायचं, गाडीत किती जण. तेवढ्यांचा टोल कापला जायचा. आता माणसं काही सगळी खरं बोलणारी नसतात. मागच्या सीटखाली पोरं लपवणारे होते, डिकीत मित्र घालून आणणारे होते. कॅमेरे लावले तर काचांना पडदे आले.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हृदय लपवता येत नाही. प्रत्येक ठोक्याला रक्त उसळतं आणि माणसाचं अख्खं शरीर केसाएवढं हलतं. तो धक्का सीटमध्ये उतरतो, सीटमधून गाडीच्या सांगाड्यात, तिथून चाकात आणि चाकातून रस्त्यात. डांबराखाली केसासारखे काचतंतू पुरलेले होते. त्यांतून सतत प्रकाश धावायचा. वर जराशी हालचाल झाली की तो प्रकाश तेवढाच विस्कटायचा. पेट्रोलच्या गाड्यांच्या धडधडाटात हे कधी जमलं नसतं. पण आता सगळ्या गाड्या विजेच्या, मुक्या. चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज गणितानं गाळून टाकला की उरायचे फक्त ठोके. भजनात चार जण वेगवेगळ्या लयीत टाळ वाजवत असतील तर डोळे मिटूनही कळतं, किती टाळ आहेत. रस्ता तसंच करायचा. जितक्या वेगळ्या लयी, तितकी माणसं.

हे सगळं गार्गीनं गाडी भाड्यानं घेताना मिळालेल्या माहितीपत्रकात वाचलं होतं. मल्हारनं ते पत्रक मुक्ताला फाडायला दिलं होतं.

पहिल्या दोन नोटिसा त्यानं आल्या आल्या भरल्या आणि गंमत म्हणून त्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. झालं. दुसऱ्या मिनिटाला इस्लामपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"गार्गी, रस्ता चार म्हणतोय म्हणं!"

"मशीन बिघडलंय, आई."

"मशीन कशाला खोटं बोलंल बाई? तू तपासून घे की. मुक्ताला पाजती आहेस म्हणून दिवस जात नाहीतच असं नाही हं. माझ्या जावेला असंच झालेलं."

मागून मल्हारचा आवाज, "आई, काहीतरीच काय!" पण त्याचा चेहरा काही तेवढा काहीतरीच म्हणत नव्हता. गार्गी गावातल्या औषधांच्या दुकानात गेली, खाणाखुणांनी तपासणीची पट्टी आणली. एकच रेघ उमटली. ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "नाही." मल्हारनं मान हलवली. तो विषय तिथं संपला. चौथा माणूस मात्र संपला नाही.

आज तिसऱ्यांदा तो हजर होता. गार्गीनं मुक्ताचं तोंड पुसलं, तिला मल्हारच्या मांडीवर दिलं आणि मंडळाला फोन लावला.

तिकडून मराठी आली, पण राजपत्रातली. "आपली तक्रार आम्हांस महत्त्वाची आहे. तक्रारीचे स्वरूप निवडावे. दंड भरावयाचा असल्यास एक दाबावे."

"मला दंड भरायचा नाही."

"क्षमस्व. दंड भरावयाचा असल्यास एक दाबावे."

पंचवीस मिनिटं हे चाललं. चार वेळा तिला पहिल्या पायरीवर आणून सोडलं. पाचव्यांदा तिनं कुठलंच बटण दाबलं नाही, नुसती गप्प बसली. तेव्हा यंत्राला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं नोटिशीचा तपशील फोनवर धाडला. प्रवासी एक, प्रौढ, नाडी शहाऐंशी. हा मल्हार. प्रवासी दोन, प्रौढ, नाडी चौऱ्याण्णव. ही ती स्वतः. बोगद्यात तिला धडधडायचंच. प्रवासी तीन, बालक, नाडी एकशे चाळीस. प्रवासी चार, प्रौढ, नाडी अठ्ठावन्न. अवस्था, निद्रिस्त.

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. "मल्हार, हे बघ. गाडीत कुणीतरी मोठं माणूस झोपलेलं होतं म्हणतायत."

"बोगद्यातला मुंजा असणार," मल्हार म्हणाला. "लिफ्ट मागतोय बिचारा."

ती हसली नाही. ती मनात फेऱ्या मोजत होती. बोगद्यातून आपण पाच वेळा गेलो. तीनदा दंड झाला, दोनदा नाही. शिवाय मल्हार एकदा एकटाच दूध आणायला गेला होता, तेव्हाही काही नाही. म्हणजे गाडीत खोट नाही. मग त्या तीन फेऱ्यांत वेगळं काय होतं? हवा? वेळ? कोण कुठं बसलं होतं? ती तर कायम मागे, मुक्ताजवळ. पहिल्या दिवशी विमानाचा शीण होता, मुक्ता झोपलेली. परवा तळ्यावरून येताना झोपलेली. काल दुपारी झोपलेली. आणि ज्या दोन फेऱ्यांत काही झालं नाही, त्यांतल्या एकीत ती अख्खा बोगदाभर किंचाळत होती, दुसरीत बूट चघळत होती.

गार्गीला मुक्ताची प्रत्येक झोप ठाऊक होती. त्यावरून घरात तिची चेष्टा व्हायची.

तिनं परत फोन कानाला लावला. "मला ध्वनिमुद्रण पाहिजे. तिन्ही वेळचं."

"कायद्यानुसार प्रवाशांच्या हृदयाचे मुद्रण केवळ वादग्रस्त प्रकरणांतच जतन केले जाते. दंड भरला असता वाद संपुष्टात येतो. पहिल्या व दुसऱ्या प्रकरणातील मुद्रण नष्ट करण्यात आले आहे."

"तिसऱ्यातलं द्या मग."

"तिसऱ्या प्रकरणात अकरा वाजून सहा मिनिटांनी दंड प्राप्त झाला. मुद्रण नष्ट करण्यात आले आहे. धन्यवाद."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. तिनं वळून पाहिलं. मल्हारच्या एका हातात मुक्ता होती, दुसऱ्या हातात फोन.

"भरलास?"

"अगं, तू अर्धा तास त्या यंत्राशी भांडतेयस. चेहरा बघ तुझा. म्हटलं मिटवून टाकावं, तुला बरं वाटेल."

"मला बरं वाटावं म्हणून!" तिचा आवाज इतका चढला की मुक्तानं दचकून पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही लोक काय काय करता रे! ती दूध पिताना घामाघूम होते म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणतात, 'पहिलटकरणींना असं वाटतं, तुम्ही झोप घ्या.' दुसऱ्यांदा नेलं तर मलाच गोळ्या लिहून दिल्या. तो माणूस तपासत कुणाला होता, तिला की मला?"

"त्यांनी ठोके ऐकले होते गं तिचे. व्यवस्थित होते."

"जागी होती ती! स्टेथोस्कोप ओढत होती त्यांचा!"

मल्हारनं फोन खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, "तुला म्हणायचंय काय नक्की?"

"ती झोपली की रस्त्याला अजून कुणीतरी ऐकू येतं. त्याचा अर्थ मला कळत नाही. म्हणूनच ते मुद्रण पाहिजे होतं, आणि ते तू नव्वद युरो देऊन पुसलंस."

उद्या दुपारी परतीचं विमान होतं. तक्रारीचं कार्यालय बोगद्याच्या पलीकडच्या गावात, दुपारी तीनला बंद होणारं. गार्गीनं मुक्ताची पिशवी भरायला घेतली. "एक वाजता तिची झोपेची वेळ. झोपली की निघायचं. बोगद्यातून जायचं, दंड खायचा, आणि भरायचा नाही. हात जरी लावलास त्या फोनला तर बघ."

"म्हणजे मुद्दाम दंड करून घ्यायला जायचं?"

"हो."

"आईनं ऐकलं तर म्हणेल, पोरीला वारा लागला तिकडचा."

"म्हणू देत."

मुक्ता एक वाजून दहा मिनिटांनी झोपली. मल्हार उजव्या बाजूनं, ओठ आवळून गाडी चालवत होता. गार्गीची नजर मुक्ताच्या छातीवर होती. श्वास चालू होता, संथ. बोगद्याच्या तोंडाशी फलकावर तीन उमटले. दोनशे मीटर पुढच्या फलकावर आकडा पिवळा झाला आणि चार दिसू लागला.

"आला," मल्हार म्हणाला. या वेळी त्यानं मुंज्याचं नाव काढलं नाही.

कार्यालयात काउंटरवर फ्राउ मोरित्स नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या, अंगात विणलेला स्वेटर, शेजारी अर्धं खाल्लेलं सँडविच. त्या बोलायच्या त्यांच्या भाषेत. समोर ठेवलेलं यंत्र तेच मराठीत म्हणायचं, अर्थात राजपत्राच्याच. "आपले वाहन मागील प्रांगणात आणावे. प्रत्यक्ष गणना करण्यात येईल."

मागच्या अंगणात काचतंतू पुरलेली एक फरशी होती. भिंतीवर आकडे दाखवणारा पडदा होता. मल्हारनं गाडी फरशीवर आणली; वळताना धक्का बसला आणि मुक्ता जागी झाली. पडद्यावर तीन लयी, तीन आकडे.

फ्राउ मोरित्सनी दोनदा पाहिलं. "आपले म्हणणे ग्राह्य आहे. मोजणीत त्रुटी झाली असावी. आजचा दंड रद्द."

"थँक यू, थँक यू सो मच," म्हणत मल्हार गाडीतून उतरला आणि त्यानं हात पुढे केला.

"नाही," गार्गी मागच्या सीटवरून म्हणाली.

बाईंनी यंत्राकडे पाहिलं, ते चुकलं की काय म्हणून. "दंड रद्द झाला याबद्दल आपली हरकत आहे?"

"आहे. ही झोपेपर्यंत मी गाडी हलवणार नाही. झोपल्यावर मोजा."

"कार्यालय तीन वाजता बंद होते."

"मग तीनला करा. आत्ता दोन वाजलेत."

मल्हार खिडकीशी वाकला. "गार्गी, बास आता. झालंय ना काम? लोकांच्या देशात तमाशा कशाला?"

"तू लांब थांब. तुझ्या आवाजानं ती झोपत नाही."

तिनं मुक्ताला मांडीवर घेतलं, पदर नव्हता म्हणून मल्हारचं जॅकेट पांघरलं आणि पाजायला घेतलं. चार घोट, थांबायचं, दम खायचा, पुन्हा दोन घोट. हे ती गेले तीन महिने सांगत होती. ती थोपटत राहिली. मला हवंय तरी काय, तिला स्वतःलाच कळेना. आकडा वाढला तर मी खरी ठरेन. वाढू नये, देवा. मी वेडी ठरू दे. दोन्ही एकदम मागता येत नव्हतं, तरी ती मागत होती.

तीनला वीस मिनिटं कमी असताना मुक्ताची मूठ सैल पडली. गार्गीनं तिला अलगद तिच्या सीटमध्ये ठेवलं.

गाडीत आता दोघीच. पडद्यावर दोन लयी होत्या. मग त्यांच्याखाली तिसरी रेघ उमटली, संथ, जड, दोन ठोक्यांत लांब अंतर ठेवणारी. छप्पन्न.

फ्राउ मोरित्स पुढे आल्या. त्यांनी डिकी उघडून पाहिली. आत भडंगाची पिशवी आणि डायपरचा गठ्ठा. गुडघ्यावर बसून त्यांनी गाडीखाली पाहिलं. मग उठून गार्गीला हातानंच खूण केली, तुम्ही उतरा.

गार्गी उतरली. दार आवाज न करता लावलं. गाडीत फक्त मुक्ता राहिली, खाली वाकलेली मान, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

पडदा दोन म्हणाला. एकशे अडतीस आणि चोपन्न. मग बावन्न.

मल्हार पडद्याकडे बघत होता, मग गाडीकडे, पुन्हा पडद्याकडे. "पण आत तर एकटीच..." एवढंच तो बोलला.

फ्राउ मोरित्सनी यंत्र बाजूला सारलं. स्वेटरच्या खिशातून स्वतःचा फोन काढून त्या भराभर काहीतरी बोलल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी गार्गीचा दंड घट्ट धरला. पडद्यावरचे आकडे त्यांनी कागदावर छापून घेतले. कार्यालय तीनला बंद झालं नाही.

जिल्ह्याच्या रुग्णालयात साठीचे, जाड भिंगांचा चष्मा घातलेले डॉक्टर होते. त्यांनी झोपलेल्या मुक्ताच्या छातीला तारा लावून तासभर आलेख काढला आणि तो मंडळाच्या कागदाशेजारी ठेवला. तिथलं यंत्र जरा बरं मराठी बोलत होतं.

"हृदयाला वरचे कप्पे असतात आणि खालचे," डॉक्टर म्हणाले. "वरच्यांनी इशारा द्यायचा, खालच्यांनी तो पाळायचा. दोघांची लय एकच, म्हणून हृदय एकच मोजलं जातं. तुमच्या मुलीत मधला निरोप पोचत नाही. जागेपणी कसाबसा पोचतो, झोपेत तुटतो. मग वरचे आपल्या वेगानं चालतात, खालचे आपल्या. रस्त्याला ती दोन माणसं वाटली. त्यानं ऐकलं बरोबर, फक्त मोजलं चूक."

"विमान?" मल्हारनं विचारलं.

"नाही. गुरुवारी आम्ही एक छोटं यंत्र बसवू, नखाएवढं. ते निरोप पोचवेल. मग ती खेळेल, धावेल."

"आणि हे कळलं नसतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "कळलंय," ते म्हणाले.

गार्गीला वाटलं होतं, आता रडू येईल. आला तो राग. एक डॉक्टर, एक नवरा, एक सासू, गोळ्यांची ती चिठ्ठी. इतक्या माणसांना जे ऐकू आलं नाही ते टोल वसूल करायला पुरलेल्या काचेला ऐकू यावं? आणि तेही चौथ्या खेपेला, पहिल्या तीन खेपांवर पैसे टाकून झाल्यावर? समोर मुक्ता तारांमध्ये झोपली होती आणि तिच्या डोक्यावरच्या पडद्यावर दोन रेघा एकमेकींची वाट न बघता चालल्या होत्या.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि सवयीनं मल्हारकडे पाहिलं. "आधी काही लक्षणं जाणवली होती का?"

मल्हारनं गार्गीकडे बोट दाखवलं. "तिला विचारा," तो म्हणाला. "मला विचारू नका. तिला विचारा."

डॉक्टर गार्गीकडे वळले. "सांगा. अगदी सुरुवातीपासून. काही गाळू नका."

गार्गीनं त्यांच्या पेनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"अजून चार-पाच कागद घ्या," ती म्हणाली. "आणि बसा. वेळ लागेल."